प्रेम पेंटरची साक्ष

प्रेमलाल उके यांचं अक्षर अख्ख्या बालाघाटनं वाचलंय, नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. शाळेच्या भिंतीवरचे पाढे, बसस्टँडमागच्या हॉटेलांचे बोर्ड, पिकअप नि ट्रकांच्या नंबरप्लेटा, दवाखान्याच्या कुंपणावरची लसीकरणाची घोषणा, सगळं त्यांच्या हातचं. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रेम पेंटर' आणि त्याखाली तारीख. काम पुरं झालं त्या दिवशीची. भिंतीला पाच दिवस लागोत की पंधरा, तारीख शेवटच्या दिवसाचीच. "अधुऱ्या कामाले तारीख नसते," असं ते म्हणायचे.

मी श्रुतिका बोरकर, इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. त्यांच्या घरापासून चौथं घर आमचं. ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईचं माहेर आमगावकडचं आणि त्यांचं मूळ गावही तिकडचंच, एवढ्यावर मामा-भाची जुळलं. मी त्यांच्यावर रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. राग उतरला की लिहीन असं म्हणत कितीतरी महिने गेले. तो उतरत नाही, तेव्हा रागासकटच लिहिते.

माणूस वाईट नव्हता. वाईट माणसावर लिहिणं सोपं असतं. उंच, किडकिडीत, शर्टाच्या बाहीवर सात रंगांचे डाग, कानामागे पेन्सिल. भिंतीवर आधी खडूत बुडवलेलं सूत ताणायचे, चटकन सोडायचे, सरळ रेघ उमटायची. मग शिरोरेषा आणि मग तिला लोंबणारी अक्षरं. विहाराच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका त्यांनीच लिहिली. फुकट लिहिली, आणि दर दोन वर्षांनी स्वतः रंग आणून उजळवली. 'न्याय' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी त्या भिंतीवर वाचायला शिकले. पुढं त्याच शब्दावर पोट भरायची वेळ आली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; आमची तर भाकरीच त्या पायरीवर.

मग फ्लेक्स आले. दोन तासांत वीस फुटी फलक छापून मिळायला लागले, त्यावर वाढदिवस असलेल्याचा गुळगुळीत चेहराही यायचा. प्रेमलालमामांकडं उरली ती सरकारी कामं, कारण सरकारी भिंतींना अजून ब्रश लागतो. पंचायत, वनखातं, आणि आमच्या वॉर्डाला लागून असलेलं पोलीस ठाणं.

ठाण्याच्या व्हरांड्यात एक मोठा बोर्ड आहे, 'गिरफ्तार व्यक्ति के अधिकार'. तोही त्यांनीच लिहिला. अटकेचं कारण सांगितलं पाहिजे. घरच्यांना कळवलं पाहिजे. वकिलाला भेटू दिलं पाहिजे. अटकेच्या कागदावर वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही पाहिजे. चोवीस तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभं केलं पाहिजे. ही काही ठाणेदाराची मेहेरबानी नव्हे, संविधानाच्या बाविसाव्या कलमातला हक्क आहे. सरकारच्या हातात माणूस सापडला की सरकारचाच हात धरणारी ही ओळ. मामांनी ती लाल रंगात लिहिली, बाकीच्या काळ्या.

अक्षर गिरवता गिरवता त्यांचा तो बोर्ड पाठ झाला. मग काय, वॉर्डात कुणाचं पोरगं भांडणात सापडलं की मामा हजर. "चोवीस घंटे! त्याच्यावर एक मिनिट नाई ठेवता येत," असं बोट वर करून सांगायचे. लोक त्यांना अर्धा वकील म्हणायचे. मी पूर्ण वकील असून मला एवढा मान नव्हता.

ठाण्याचा मान मात्र वेगळ्या प्रकारचा होता. अक्षर चांगलं, वस्तीत नाव, हाकेच्या अंतरावर घर. मुंशीजींना, म्हणजे ठाण्यातल्या कारकुनाला, अटकेच्या कागदावर साक्षीदार लागला की निरोप यायचा, "पेंटरजी को बुलाओ।" मामा जायचे, खुर्ची मिळायची, सही करून यायचे. सात वर्षांत अकरा कागदांवर त्यांची सही आहे, हे मला फार उशिरा कळलं. 'प्रतिष्ठित व्यक्ती' या रकान्यात आपलं नाव, याचं त्यांना अप्रूप होतं. मी हसणार नाही. आमच्या आजोबांच्या काळी त्या ठाण्याच्या ओट्यावर आमच्यातल्या कुणाला बसायची मुभा नव्हती.

आता अंकितचं सांगते.

अंकित हा सीतामावशीचा मुलगा, तेवीस वर्षांचा. सीतामावशी आमच्या नि मामांच्या मधल्या एका घरात राहते, नवरा नाही, अंगणवाडीत मदतनीस आहे. अंकित जुनी पिकअप चालवायचा. परसवाड्याच्या बाजारातून भाजी, खेड्यांतून धानाची पोती, कधी लग्नाचा मंडप. तोंडानं फटकळ. जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी हट्ट्याच्या रस्त्यावर एका शिपायानं त्याला थांबवलं आणि ठाण्याचं कसलं तरी लाकूड फुकट वाहून द्यायला सांगितलं. अंकितनं नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं असतं तर कदाचित भागलं असतं. तो म्हणाला, "गाडी माझ्या बापाची हाय, सरकारची नाई." अकरा वाजता गाडीसकट त्याला ठाण्यात आणलं. कसला गुन्हा नाही, कसला कागद नाही. समज द्यायची म्हणून.

बुधवारी रात्री खैरलांजीकडच्या एका धान गोदामावर दरोडा पडला. चौकीदाराचं डोकं फुटलं, पोती गेली. दरोडेखोर पिकअप घेऊन आले होते एवढंच चौकीदाराला सांगता आलं. गुरुवारी वरून फोन सुरू झाले. ठाण्याच्या आवारात एक पिकअप आयती उभी होती आणि आत तिचा मालक. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं, आणि तेही किती कमी कष्टात. पिकअपमध्ये गोदामाचा शिक्का असलेली चार रिकामी पोती मिळाली. या जिल्ह्यात धान वाहणाऱ्या कुठल्याही गाडीत ती मिळतील. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता त्याला अटक दाखवली.

म्हणजे सगळा खटला एका प्रश्नावर उभा होता. अंकितला मंगळवारी पकडलं की शुक्रवारी? मंगळवारी पकडलं असेल तर बुधवारी रात्री तो दरोडा घालूच शकत नव्हता. शुक्रवारी पकडलं असेल तर त्याला वाचवायला काहीच नव्हतं.

त्या तीन दिवसांत सीतामावशी त्याला शोधत होती. फोन बंद. बुधवारी ती परसवाड्याला जाऊन भाजीवाल्यांना विचारून आली. गुरुवारी ती त्याच ठाण्यात गेली, मुलगा हरवला म्हणून सांगायला. दारावरच्या शिपायानं सांगितलं, "जवान लड़का है, दो-चार दिन देख लो।" मुलगा तिथून वीस पावलांवर होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता, आणि हे मी म्हण म्हणून लिहीत नाही.

शनिवारी त्याला न्यायाधीशांसमोर उभं केलं. शुक्रवारपासून मोजले तर चोवीस तासांच्या आत, अगदी बोर्डावर लिहिल्याप्रमाणं. "काही तक्रार आहे का?" असं न्यायाधीशांनी विचारलं. अंकितनं मागं उभ्या शिपायाकडं पाहिलं आणि मान हलवली, नाही.

त्या आठवड्यात मी बाहेरगावी होते, मला बातमी लागली रविवारी. सोमवारी सकाळी सीतामावशी माझ्या ऑफिसात बसली होती, अटकेच्या कागदाची नक्कल माझ्या हातात होती, आणि साक्षीदाराच्या रकान्यातली ती सुंदर, शिरोरेषेखाली झुलणारी सही मी पाहत होते. तेवढ्यात मामा स्वतःच दारात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"श्रुती, मी पाह्यलं त्याले. मंगळवारी."

मंगळवारी दुपारी ते ठाण्यात बोर्ड उजळवायला गेले होते. लाल ओळ उन्हानं फिकी पडली होती. व्हरांड्यातून आतल्या खोलीत अंकित जमिनीवर बसलेला दिसला. अंकितनं हाक मारली, "मामाजी, घरी सांगून द्या." मामांनी मुंशीजींना विचारलं. मुंशीजी गोड माणूस. म्हणाले, "समझाइश के लिए बिठाया है, पेंटरजी। मोहल्ले में हल्ला हुआ तो साहब केस बना देंगे। चुप रहोगे तो कल छूट जाएगा।"

"मग मी चूप बसलो," मामा म्हणाले. "मले वाटलं, चूप बसलं तं सुटल पोट्टा. बुधवारी वाटलं आज सुटल. गुरुवारी वाटलं आज. शुक्रवारी मले सहीले बोलावलं. मनलं, चला, कागद तं बनला. आता कोर्टात जाईल, आता कायद्यानं होईल."

"आणि तारीख? तारीख वाचली नाही तुम्ही?"

"वाचली ना. शुक्रवारची होती. त्या दिवशी शुक्रवारच होता, बाई."

मला समजायला वेळ लागला. चाळीस वर्षं या माणसानं कामाच्या खाली तारीख टाकली ती काम संपल्याची. त्यांच्या लेखी कागदावरची तारीख म्हणजे कागद पुरा झाल्याची तारीख. अटक कधी झाली हे त्या तारखेनं ठरतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सगळा बोर्ड पाठ, आणि चोवीस तास कुठून मोजायचे तेवढं ठाऊक नाही. बोर्डावर ते लिहिलेलं नव्हतं.

सीतामावशी हे सगळं ऐकत होती. पदर तोंडाला लावून मामांकडं बघत राहिली. मला वाटलं, ती धक्क्यानं गप्प आहे.

मी मात्र उत्साहात होते, हेही कबूल करते. मूर्ख होते. सरकारी पक्षाचाच साक्षीदार कोर्टात उभा राहून सांगणार की मी या मुलाला मंगळवारी ठाण्यात पाहिलं. यापेक्षा काय हवं? मी ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. उत्तर आलं की त्या आठवड्यात कॅमेरा बंद होता. अंकितचा फोन मंगळवारी अकरापासून बंद असल्याची नोंद मिळवली. सरकारी वकील म्हणाले, दरोड्याची तयारी करणारा फोन बंदच ठेवणार. तेव्हा उरले मामा. सगळा भार त्यांच्या एका जिभेवर.

मामा डगमगले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. ठाण्यातून निरोप आले, काम बंद झालं, एकदा मुंशीजी स्वतः येऊन "उमर हो गई है, पेंटरजी, याददाश्त का क्या भरोसा" असं प्रेमानं सांगून गेले. त्यांची बायको साधनामामी रडली. मामा म्हणाले, "एकदा चूप बसलो तं हे झालं." साक्षीच्या दिवशी धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. पहिल्यांदा त्यांच्या बाहीवर एकही डाग नव्हता.

त्यांनी सांगितलं, मंगळवारी पाहिलं. दुपारी दोनच्या सुमाराला. हाक मारली म्हणून. सगळं सरळ. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर ठरवायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि मग ते स्वतःच उलटतपासणीला उठले.

"ही सही तुमची?"

"हौ."

"वाचून केली?"

"हौ. मी वाचल्याबिगर सही नाई करत."

"तारीख वाचली?"

मामांनी भिंतीची, कामाची, शेवटच्या दिवसाची गोष्ट सांगितली. मागं बसलेले दोन वकील हसले. न्यायाधीशांनी वर पाहिलं तसे थांबले.

"ठाण्यातला आरोपींच्या हक्कांचा बोर्ड कोणी लिहिला?"

"मी."

"काय लिहिलंय त्यावर, आठवतं?"

मामांनी सांगितलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न चुकता. 'चोवीस तास' म्हणताना त्यांचं बोट सवयीनं वर गेलं. मी खाली कागदांत बघत होते, कारण पुढचा प्रश्न मला दिसला होता आणि अडवायला हातात काही नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला नियम माहीत होता. मुलगा शेजारचा. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, तुम्ही कोणाला सांगितलं? वकील तुमची भाची. तिला सांगितलं?"

"नाई."

"त्याच्या आईला?"

मामांनी पांढऱ्या बाहीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "नाई."

"का?"

मुंशीजींनी काय सांगितलं ते मामांनी सांगितलं. मुंशीजी आधीच साक्ष देऊन गेले होते की असं काही बोलणं झालंच नाही. सरकारी वकील बसले. त्यांचं काम झालं होतं.

निकाल लागला. सात वर्षं. आठ महिने आत काढून जामिनावर आलेला अंकित कोर्टातूनच परत जेलात गेला. मी जबलपूरला, मध्य प्रदेशच्या हायकोर्टात, अपील केलंय, ते दाखल झालंय, नंबर पडलाय, तारीख लागलेली नाही. तिथं अशी अपिलं किती पडून आहेत ते मी सीतामावशीला सांगितलेलं नाही.

निकालानंतर आठवड्यानं मामा ऑफिसात आले. सीतामावशी तिथंच होती, अपिलाच्या कागदांवर सह्या करायला आलेली. मामा तिला बघून दारातूनच परतणार होते, पण तीच म्हणाली, "या भाऊ." ते स्टुलावर बसले. "माझ्याबद्दल काय लिहलं साहेबानं, तेवढं वाचून दाखव," असं मला म्हणाले. मी टाळलं. ते हलेनात. निकाल हिंदीत होता. मी वाचला तो अशा अर्थाचा:

'साक्षीदार हा सुज्ञ मनुष्य आहे. अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क त्याला मुखोद्गत आहेत, ठाण्यातला फलकही त्यानेच लिहिला आहे. असा मनुष्य शेजारणीच्या मुलाला बेकायदा डांबलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहील आणि चार दिवस कोणालाही, अगदी त्याच्या आईलाही, सांगणार नाही, हे मानवी स्वभावाला धरून नाही. त्याने मंगळवारी आरोपीला पाहिलेच नाही, हाच निष्कर्ष निघतो.'

हे वाचताना माझा आवाज चिडका झाला होता. साक्षीदाराला नियम ठाऊक नसता तर म्हणाले असते, अडाणी आहे, याच्या सांगण्याला काय अर्थ. ठाऊक होता तर म्हणाले, ठाऊक असून गप्प कसा बसला. संविधानानं हक्क दिला तो कागदावर धडधाकट उभा होता, फक्त त्याला उचलून वापरणारा माणूस घाबरट निघाला, आणि त्या घाबरटपणाचा पुरावा सरकारच्या कामी आला. हे मी मोठ्यानं बोलले. अपिलात हेच मांडणार, असंही म्हणाले.

मामांनी मान हलवली. "साहेबानं चूक नाई लिहलं, श्रुती. कोनी बसते का असं चूप? नाई बसत. मानसासारखा मानूस नाई बसत. मी बसलो."

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते. तेवढ्यात सीतामावशीनं पेन टेबलावर ठेवलं. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. अंगणवाडीतल्या पोरांशी बोलते तसा होता.

"भाऊ, मंगळवारी सांजी मी तुमच्या दारात आलती. अंकित दिसला का मनून विचारलं. तुमी मले बसवलं, साधनावैनीले चहा ठेवाले सांगतलं. मनलं, जवान पोट्टा हाय, येईल." तिनं समोरचे कागद सरळ केले. "इतके दिवस मी हे कोनाले बोलली नाई. श्रुतीलेबी नाई. तुमी त्याच्याकडून बोलनार होते ना कोर्टात. मनून चूप बसली. आता तं निकाल लागला."

मामा उठले नाहीत, रडले नाहीत, माफी मागितली नाही. जमिनीकडं बघत "हौ" म्हणाले.

सीतामावशीनं पेन उचललं आणि राहिलेल्या तीन कागदांवर सही कुठं करायची ते मला विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं.